जेजुरीचा कुलाचार : घरातली जाणती माणसे गेल्यावर काय ठेवावे, कसे ठेवावे?

ओसरी (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. आमच्या घराण्याचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. थोरल्या मुलाचे लग्न नुकतेच झाले आहे. नव्या जोडप्याला घेऊन देवाला जायचे आहे, घरी जागरण घालायचे आहे आणि येत्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीचे नवरात्र सूनबाईंच्या हातून बसवायचे आहे. आजवर हे सारे सासूबाई पाहत असत. त्या असताना आम्ही हाताखालची कामे केली, टाक (देवांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा) उजळले, पुरण वाटले; कशानंतर काय आणि ते तसेच का, हे विचारायची वेळ कधी आली नाही, कारण त्या होत्या. आता त्या नाहीत. यजमानांना तळीचे, म्हणजे देवाचा गजर करत ताम्हण उचलण्याच्या विधीचे, बोल येतात आणि देवघरात दिवटी-बुधली, म्हणजे देवाची छोटी मशाल आणि तिच्या तेलाची कुपी, आहे, एवढा आमचा ठेवा आहे.

चित्रफिती पुष्कळ पाहिल्या. त्यांत जो तो आपल्या घरची रीत हाच नियम म्हणून सांगतो आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून येथे विचारते आहे. गडावर गेल्यावर क्रम काय असावा, तळी कोठे आणि कशी भरावी, भंडारा कोणता न्यावा, जागरण सदनिकेत घालता येईल का, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे. कोणता भाग सर्वांचा आहे आणि कोणता घरोघरी बदलतो, हेही वेगळे करून सांगितलेत तर फार उपकार होतील.

दिवेघाट (सासवड)

ओसरीताई, तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. खंडोबाच्या बाबतीत सर्वांचे असे फार थोडे आहे: भंडारा, तळी, येळकोटाचा गजर आणि रविवार. बाकीचे घराण्याघराण्यांत, जातीजातींत, अगदी भावकीच्या दोन घरांतही वेगळे असते. हा देव धनगरांचा आहे, मराठ्यांचा आहे, कोळ्यांचा, रामोशांचा, ब्राह्मणांचा, लिंगायत वाण्यांचा आहे. प्रत्येकाने त्याला आपल्या घरच्या रीतीने जेवू घातले आहे. तेव्हा 'आमच्याकडे असे नसते' असे कोणी म्हटले तर घाबरून जाऊ नका. तुमच्या यजमानांच्या चुलत घरांतून, आत्यांकडून जेवढे कळेल तेवढे प्रथम विचारून घ्या. येथे कोणी काहीही सांगितले तरी त्याला दुय्यम स्थान द्या.

आता क्रम. आमच्याकडे निघण्यापूर्वी देवघरातले टाक काढून स्वच्छ वस्त्रात बांधून बरोबर घेतात, कारण घरच्या देवाला मूळ ठाण्याची भेट घडवायची असते. गडावर जायला पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तीन बाजूंनी पायऱ्या आहेत. बहुतेक लोक उत्तरेकडून, गावातून चढतात. 'नवलाख पायरी' असे गाण्यांत म्हणतात, प्रत्यक्षात मात्र सावकाश चढले तर वयस्क माणसांनाही गड जमतो. नवे जोडपे असेल तर नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, अशी रीत आहे. पायऱ्यांवर भंडारा सांडून पाय घसरतात, तेव्हा ही रीत खालच्या कोरड्या पायऱ्यांवरच करा.

वाटेत, गडाच्या अर्ध्यावर, बाणाईचे देऊळ लागते. बाणाई धनगराची, म्हाळसा लिंगायत वाण्याची. म्हाळसा वर देवाशेजारी आहे आणि बाणाई गडाच्या वाटेवर. अनेक जण घाईत बाणाईला ओलांडून वर जातात, मला ते बरे वाटत नाही. आमचे आजोबा म्हणत, आधी तिला हात जोडा, मग वर जा. नव्या सुनेला घेऊन जाताना तर तेथे थांबावेच, ओटी भरावी आणि तिची कथा तिला सांगावी.

महाद्वारातून आत गेलात की नगारखाना, दीपमाळा आणि देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेले भव्य कासव दिसेल. आधी दर्शन घ्यावे. गाभाऱ्यात स्वयंभू लिंगे आहेत, खंडोबाचे आणि म्हाळसेचे. बेल, दवणा, झेंडूची फुले, भंडारा, खोबरे एवढे पुरेसे आहे. दर्शन झाले की बाहेर कासवावर येऊन तळी भरायची.

तळीचे सांगतो. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, पैसा, खोबऱ्याचे तुकडे आणि भंडारा ठेवतात. ताम्हणाभोवती विषम संख्येने, तीन, पाच किंवा सात जण बसतात. सर्वांनी ताम्हणाला खालून हात लावायचा. एक जण बोल म्हणतो, बाकीचे साथ देतात आणि 'सदानंदाचा येळकोट, येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ताम्हण तीनदा वर उचलून खाली ठेवायचे. खाली ठेवताना ताम्हण नुसते भुईवर टेकवायचे नाही; टोपी, उपरणे किंवा रुमाल अंथरून त्यावर ठेवायचे. वर उचलताना कोणाचा हात पुढे, कोणाचा मागे राहतो आणि ताम्हण कलते. एकाने जोर लावून चालत नाही, सर्वांनी एकमेकांकडे पाहत बोलाच्या लयीवर उचलायचे, म्हणजे ते सपाट वर जाते. मला तळीचा सारा अर्थ या उचलण्यात दिसतो. नंतर एकमेकांच्या कपाळी भंडारा लावायचा, खोबरे-भंडारा देवाच्या नावाने उधळायचा आणि उरलेले खोबरे वाटायचे.

घरी परतल्यावर पुन्हा तळी भरावी, पुरणपोळीचा नैवेद्य करावा आणि सोयीच्या दिवशी जागरण घालावे. जागरणाविषयी अधिक जाणणारे येथे आहेत, त्यांच्यासाठी जागा सोडतो.

मंडईमागे (पुणे)

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सोमवती अमावास्या, चंपाषष्ठी, दसरा आणि चैत्र, पौष, माघ या महिन्यांच्या पौर्णिमा या दिवशी जाऊ नका. भक्तीच्या दृष्टीने ते दिवस मोठे आहेत, पण नव्या सुनेला घेऊन पहिल्यांदा जाताना निवांत दर्शन हवे. रविवारीही गर्दी असतेच. मधल्या वारी पहाटे निघा. हडपसर, दिवे घाट, सासवड असा रस्ता आहे, अंतर पन्नासएक किलोमीटर. स्वारगेटहून एसटी मिळते. पुणे-मिरज मार्गावर जेजुरी स्थानक आहे, त्यामुळे रेल्वेनेही जाता येते.

पर्वतीपायथा (पुणे)

भंडाऱ्याविषयी मला मनापासून लिहायचे आहे, कारण या एका गोष्टीत अलीकडे फार बिघाड झाला आहे.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. खंडोबाला हळद वाहतात, उधळतात, कपाळी लावतात, प्रसाद म्हणून जिभेवर ठेवतात, पुडी बांधून घरी आणतात आणि घरात कोणी आजारी पडले तर तीच पुडी उघडून अंगारा लावतात. जी वस्तू माणसाच्या पोटात जाते, डोळ्यांत उडते, लहान मुलांच्या अंगावर पडते, ती शुद्ध असलीच पाहिजे. प्रत्यक्षात पायथ्याच्या आणि शहरांतल्या काही दुकानांत भंडारा म्हणून जी भडक पिवळी भुकटी मिळते, तिच्यात हळद किती आणि रंग किती हे सांगता येत नाही. गडावर उत्सवात क्विंटलांनी भंडारा उधळला जातो. त्यात रंगाची भुकटी मिसळली असेल तर डोळे चुरचुरतात, त्वचेला खाज सुटते, कपड्यांवरचा डाग धुवूनही जात नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना यावर सोपा उपाय आहे. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून हळकुंडे आणावीत. सांगलीकडची हळद तेथे उत्तम मिळते. हळकुंडे उन्हात चांगली कडक वाळवावीत आणि मसाला दळणाऱ्या गिरणीवर डोळ्यांदेखत दळून आणावीत. चाळून घेतलेल्या त्या पुडीचा रंग बाजारच्या भंडाऱ्याइतका झगझगीत दिसणार नाही, जरासा मातकट वाटेल. वास मात्र पुडीचे तोंड उघडताच घरभर पसरेल. विकतच घ्यावी लागली तर चिमूटभर पूड पाण्याच्या पेल्यात टाकून, न ढवळता पाहावी. चांगली हळद सावकाश तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी लगेच गडद पिवळेजर्द झाले तर ती पूड देवाला नेऊ नये.

दुसरी गोष्ट, उधळण्याची. भंडारा वर, आकाशाकडे उधळायचा असतो. समोरच्याच्या तोंडावर फेकायचा नसतो. अलीकडे छायाचित्रासाठी मूठभर भंडारा जवळच्या माणसाच्या डोळ्यांसमोर फेकतात, ते पाहून वाईट वाटते. चिमूटभर उधळला तरी देवाला पोचतो.

ओसरी

दिवेघाट, पर्वतीपायथा, मंडईमागे, तुम्हां सर्वांची मी ऋणी आहे. हळकुंडे दळून आणायचे आजच ठरवले. बाणाईचे तर आमच्या घरात कोणी कधी बोललेच नव्हते, हे आवर्जून सूनबाईंना सांगितले.

आता त्यांचाच एक प्रश्न मांडते. त्यांचे माहेर कोल्हापूरकडचे, कुलदैवत जोतिबा. तेथे गुलाल, येथे भंडारा, यामुळे त्यांना हे सारे जवळचे वाटते आहे. त्यांनी मला सरळ विचारले, "आई, तळी पुरुषच का उचलतात? मी हात लावला तर चालेल का?" मला उत्तर देता आले नाही. सासूबाई तळीच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हात जोडत, एवढे आठवते. पण त्यांना कोणी मनाई केली होती, की तशी सवयच होती, हे मला सांगता येणार नाही. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

जुनीपेठ (पुणे)

माझे मत स्पष्ट आहे आणि ते आदराने मांडतो. तळी पुरुषांनीच उचलावी. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तसे चालत आले आहे, आणि कुलाचाराचे बळ तो न बदलता पुढे देण्यातच असते. स्त्रियांचे स्थान त्यात कमी नाही: देवाचे नवरात्र त्या बसवतात, घटाला माळ त्या बांधतात, रोडगे त्या करतात, दिवटीत तेल त्या घालतात. प्रत्येकाला काम वाटून दिलेले आहे. एकाने दुसऱ्याचे काम मागितले म्हणजे सन्मान वाढतो, असे मला वाटत नाही. सूनबाईंनी पहिल्या वर्षी घरची रीत पाहावी, समजून घ्यावी, मग जे वाटेल ते बोलावे.

उंबरठा (पिंपळे गुरव)

जुनीपेठ, तुमच्या म्हणण्यातला आदर मला कळतो. तरीही माझ्या घरची गोष्ट सांगते. माझे वडील मी शाळेत असताना गेले. भाऊ नाही. आम्ही बहिणी आणि आई. पहिल्या चंपाषष्ठीला आईने शेजारच्या काकांना आणि त्यांच्या मुलांना तळीसाठी बोलावले. ते आले, बोल म्हणाले, खोबरे घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी ते गावाला गेले होते. आईने ताम्हण भरले, पाटावर बसली आणि आम्हां मुलींना म्हणाली, "देवाला ताम्हण उचललेले हवे आहे, बसा." आम्ही उचलले. पुढे दर वर्षी आम्हीच उचलत आलो. देव रुसला असे आम्हांला कधी जाणवले नाही.

मी कोणाला बदला म्हणत नाही. पण पुरुष नसलेल्या घरात देवाची तळी भरायचीच नाही, असे म्हणण्याचा अर्थ त्या घराचे कुलदैवत काढून घेणे असा होतो. तसे कोणाच्याही आजीने म्हटले नसते.

दिवेघाट

उंबरठा यांच्या आईंनी केले ते सर्वार्थाने योग्य होते. आमच्या गावात अशी आणखी घरे आहेत.

जुनीपेठ, तुम्ही म्हणता ती रीत बहुसंख्य घरांत आहे, हे खरे आहे. परंतु जो देव म्हाळसेशिवाय पुजला जात नाही आणि जिच्या घरी तो मेंढ्या राखायला राहिला त्या बाणाईशिवाय ज्याची गाणी पुरी होत नाहीत, त्याच्या ताम्हणाला स्त्रीचा हात लागल्याने काही बिघडेल, असे माझ्या मनाला पटत नाही. ओसरीताई, निर्णय तुमच्या घराने घ्यावा. माझी सूचना एवढीच आहे की, गडावर कासवावर नेहमीच्या रीतीने तळी भरा आणि घरच्या तळीत नवरा-बायको दोघांनी मिळून हात लावावा. नव्या जोडप्याच्या तळीला घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप नसेल तर बाहेरच्या कोणाचा असण्याचे कारण नाही.

जुनीपेठ

उंबरठाताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ज्या घरात पुरुष नाही तेथे तळी बंद पडावी, असे मला म्हणायचे नव्हते, आणि माझ्या लिहिण्यातून तसे ध्वनित झाले असेल तर ते तेथे नसावे. आमच्या घरची रीत आमच्यापुरती मी ठेवीन. दिवेघाट यांनी सुचवलेला मार्ग ओसरीताईंसाठी मलाही मान्य आहे.

दिमडी (धनकवडी)

जागरणाचा विषय राहिला आहे. खंडोबाची गाणी गाणाऱ्या वाघ्या-मुरळींच्या संगतीत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

जागरण म्हणजे रात्रभर देवाला जागवणे. घरात पाटावर किंवा चौरंगावर चौक मांडतात, धान्य पसरून त्यावर कलश ठेवतात, टाक मांडतात, पाच ऊस उभे करून त्यांचा मांडव करतात. दिवटी पेटवतात. दिवटी विझू द्यायची नाही, म्हणून बुधलीतले तेल संपता कामा नये. घरातल्या एका माणसाला तेवढेच काम द्यावे. मग वाघ्या गणेशस्तवनापासून सुरुवात करतो, सर्व देवांना जागरणाला बोलावतो आणि खंडोबाची कथा लावतो. दिमडी, तुणतुणे आणि मुरळीच्या हातातली घोळ, म्हणजे घंटा, ही मुख्य वाद्ये. मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध, म्हाळसेशी लग्न, बाणाईसाठी देवाचे धनगरवाड्यावर जाणे, दोघी सवतींचे भांडण, हे सारे गाण्यांतून आणि संवादांतून येते. बाणाईचा भाग लागला की झोपी गेलेली मुलेही उठून बसतात. पहाटे लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडतात, आरती होते, तळी उचलतात आणि नैवेद्य दाखवतात.

पुण्यातल्या सदनिकेत हे करताना रात्री १० नंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, हा कायदा लक्षात ठेवावा. मुळात जागरणाला ध्वनिवर्धकाची गरजच नाही. बैठकीच्या खोलीत दिमडी आणि तुणतुणे पुरेसे ऐकू येतात, आणि ध्वनिवर्धक नसला की वाघ्याचे शब्द स्पष्ट कळतात. तरीही शेजाऱ्यांना आधी सांगावे, शक्य तर बोलवावे. बरीच घरे आता संध्याकाळी सुरू करून मध्यरात्रीपूर्वी आटोपतात. संपूर्ण रात्र जमत नसेल तर छोटे जागरण घाला, पण कथा अर्धवट सोडू नका. बाणाईचे लग्न लागेपर्यंत तरी गाऊ द्यावे.

सुपारी देताना एक पथ्य पाळा. वाघ्या-मुरळी हे देवाचे सेवक म्हणून घरी येतात. त्यांना आधी पाणी, चहा, बसायला जागा द्यावी, मध्यंतरात पोटभर जेवू घालावे आणि ठरलेली रक्कम आरतीनंतर लगेच हातात द्यावी. एका ठिकाणी रात्रभर गाऊन झाल्यावर घरमालकांनी पहाटे घासाघीस सुरू केली होती. त्या वेळी वयस्क मुरळीबाई काही न बोलता घोळ पिशवीत घालून जिना उतरून गेल्या. ज्या घरात देव जागवला त्या घरातून देवाचे सेवक दुखावून जाऊ नयेत.

मुरळीविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. पूर्वी नवस फेडण्यासाठी लहान मुली देवाला वाहत, त्यांचे देवाशी लग्न लावत. त्या मुलींच्या वाट्याला जे आले ते फार दुःखाचे होते. १९३४ सालच्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने आणि पुढे महाराष्ट्राच्या २००५ सालच्या देवदासी निर्मूलन कायद्याने मुली वाहणे हा गुन्हा ठरला आहे. आज पुष्कळ संचांत मुरळीचे काम करणाऱ्या बाया संसारी कलावंत आहेत. तेव्हा कोणी ओळखीतला जुना नवस आठवून घरातल्या मुलीविषयी असे काही सुचवू लागला तर तेथेच थांबवा. नवस फेडायचा असेल तर जागरण घाला, अन्नदान करा.

ओसरी

दिमडी, तुमचे लिहिणे यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले. सासऱ्यांच्या काळात आमच्याकडे वाड्याच्या चौकात जागरण होई, ते त्यांना आठवले. ध्वनिवर्धक लावायचा नाही, हे ठरले.

आणखी दोन शंका आहेत. चंपाषष्ठीला नेमके काय करतात, आणि कडेपठारला जाणे आवश्यक आहे का? कोणी म्हणतात की तेथे गेल्याशिवाय जेजुरी पुरी होत नाही.

पर्वतीपायथा

चंपाषष्ठीचे मी सांगते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि षष्ठीला उठतात. सहा दिवस नंदादीप आणि घटावर रोज एक माळ. देवाने मणी-मल्लांना मारले तो दिवस षष्ठीचा मानतात. त्या दिवशी बाजरीचा किंवा कणकेचा रोडगा, वांग्याचे भरीत, कांद्याची पात असा नैवेद्य असतो. काही घरांत जोंधळे शिजवून दही-मीठ घातलेला ठोंबराही करतात. चातुर्मासापासून वांगे आणि कांदा न खाणारी घरे त्या दिवसापासून ते पुन्हा खाऊ लागतात. भरिताची वांगी निखाऱ्यावर भाजता आली तर उत्तम, गॅसवर भाजली तरी चालतात. सूनबाईंना प्रतिपदेच्या आदल्या दिवशीच घटाची जागा, माळेची फुले, समईची वात हे सारे हातात धरून दाखवा. मागे कोणी सांगणारे असेल तर सहा दिवसांत सर्व अंगवळणी पडते.

ज्या घराण्यांत मांसाहारी नैवेद्य आहे ते तो गडावर नेत नाहीत, खाली पायथ्याशी करतात. तुमच्याकडे पुरणाचाच असेल तर हा प्रश्न येत नाही.

दिवेघाट

कडेपठार हे जुने ठाणे. म्हातारपणामुळे चढणे न जमणाऱ्या भक्तासाठी देव तेथून खाली, आजच्या गडावर आला, अशी कथा सांगतात. गडाचे आजचे भव्य रूप मुख्यतः १८व्या शतकात होळकरांनी दिले. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठारची पालखी डोंगरातल्या रमण्यात एकमेकींना भेटतात. ती भेट आयुष्यात एकदा तरी पाहावी. त्यानंतर गडावर सुमारे ४२ किलोंचा खंडा, म्हणजे तलवार, उचलण्याच्या मर्दानी कसरती होतात, त्या पाहायलाही मोठी गर्दी जमते.

आवश्यक म्हणाल तर नाही. ज्या देवाने भक्ताचे गुडघे दुखतात म्हणून डोंगर सोडला, तो तुम्हांला वर आला नाहीत म्हणून दोष लावील, असे मला वाटत नाही. मुलगा आणि सूनबाई तरुण आहेत. त्यांना पहाटे लवकर वर पाठवा, चढ खडा आहे, पाणी बरोबर द्या. तुम्ही दोघे तोवर गावातल्या होळकर तलावाकाठी मल्हार गौतमेश्वराच्या देवळात बसा. मल्हारराव होळकरांच्या स्मरणार्थ अहिल्याबाईंनी बांधवलेले ते देऊळ शांत आणि देखणे आहे. गडाच्या गडबडीत जाणारे नव्वद टक्के लोक तिकडे वळत नाहीत, असे मला नेहमी जाणवते.

मंडईमागे

कडेपठारला जाणार असाल तर तो दिवस वेगळा ठेवा. एका दिवसात दोन्ही केले की गडावरच्या तळीला कोणाच्या अंगात त्राण उरत नाही.

ओसरी

सर्वांचे लिहिणे वहीत उतरवून घेतले आहे. काल यजमानांच्या आत्यांना फोन केला. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी सांगितले की आमच्याकडे ठोंबरा करतात, रोडगा कणकेचा असतो, तळी पाच जणांची असते आणि ती उचलून झाल्यावर पहिला खोबऱ्याचा तुकडा घरातल्या सर्वांत लहान मुलाला देतात. यातले शेवटचे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते. सूनबाईंच्या प्रश्नाविषयीही विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी कोणी विचारले नाही गं. लावू दे हात. मी येते." त्यांना आणायला मुलगा जाणार आहे.

घरच्या तळीला यजमान, मुलगा, सूनबाई, आत्या आणि मी असे पाच जण बसू. एक विचारायचे राहिले: टाक बरोबर नेताना वाटेत ते कोठे ठेवावेत, आणि गडावर पुजाऱ्यांना आधी सांगावे लागते का?

दिवेघाट

टाक सूनबाईंच्या मांडीवर द्या, गाडीच्या मागच्या डिकीत ठेवू नका. गडावर रांगेत असतानाच वस्त्र सोडून ताटात मांडून ठेवा, म्हणजे गाभाऱ्यात गडबड होत नाही. पुजाऱ्यांना 'घरचे देव भेटीला आणले आहेत' एवढे सांगितले की ते देवाला लावून परत देतात. परत मिळताच मोजून घ्या. गर्दीत दोन घरांचे टाक एकत्र होऊ शकतात आणि सारखेच दिसतात, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या टाकांचे छायाचित्र काढून ठेवा. येताना वस्त्रात थोडा गडावरचा भंडारा घाला, तोच घरच्या तळीला वापरा.